थियारोयची छावणी : थकलेला पगार, अर्ध्या दराचा फ्रँक आणि सेम्बेनचा चित्रपट

दस्तऐवज (धागाकर्ता)

उस्मान सेम्बेन आणि थिएर्नो फाती सो या सेनेगलच्या दोन दिग्दर्शकांचा 'काँ द थियारोय' १९८८ साली आला. त्याच वर्षी व्हेनिसला त्याला परीक्षकांचं विशेष पारितोषिक मिळालं, तरी फ्रान्समध्ये तो कित्येक वर्षं पडद्यावर लागला नाही. २०२४ मध्ये त्याची दुरुस्त केलेली नवी प्रत कान महोत्सवाच्या अभिजात विभागात दाखवली गेली आणि चर्चा पुन्हा सुरू झाली. या चर्चेत बहुतेक जण शेवटच्या गोळीबाराबद्दल बोलतात. मला वाटतं, तो गोळीबार समजून घ्यायचा तर त्याआधीचा पैशाचा व्यवहार समजला पाहिजे. चित्रपटाचा मोठा भाग त्या व्यवहारातच जातो आणि पाहणारे तिथेच कंटाळतात. म्हणून हा धागा.

आधी घटना. फ्रेंच पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतून भरती केलेल्या पायदळाला 'तिरायर सेनेगाले' म्हणत. १८५७ मध्ये सेनेगलचा फ्रेंच गव्हर्नर फेदेर्ब याने हे दल उभं केलं. नावात सेनेगल असलं तरी माणसं माली, गिनी, आयव्हरी कोस्ट, बुर्किना फासो, बेनिन, नायजर, चाड अशी सगळीकडची. १९४० मध्ये फ्रान्स पडला तेव्हा यातले हजारो जर्मनांच्या कैदेत गेले. १९४४ मध्ये सुटका झाल्यावर त्यांना घरी पाठवायचं ठरलं. पहिल्या मोठ्या तुकडीला ५ नोव्हेंबर १९४४ रोजी ब्रिटनी प्रांतातल्या मोर्ले बंदरातून 'सर्केशिया' या ब्रिटिश जहाजावर चढवलं. वाटेत कासाब्लांका लागलं, आणि २१ नोव्हेंबरला जहाज डाकारला पोचलं. सरकारी आकड्यानुसार तिथे सुमारे १,३०० माणसं उतरली. त्यांना शहराबाहेरच्या थियारोय छावणीत ठेवलं. १ डिसेंबरला, ज्या फ्रेंच सैन्यासाठी ते लढले त्याच सैन्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या.

आता येणं काय होतं ते पाहू. चार बाबी होत्या. पहिली आणि सगळ्यात मोठी, कैदेच्या काळातला थकलेला पगार. २१ ऑक्टोबर १९४४ च्या परिपत्रकाप्रमाणे त्यातला पाव हिस्सा फ्रान्समध्ये जहाजावर चढण्याआधी द्यायचा होता आणि उरलेला पाऊण हिस्सा डाकारला उतरल्यावर. दुसरी, सेवामुक्तीची ५०० फ्रँकांची रक्कम. तिसरी, बचतपुस्तकांत जमा असलेले पैसे. चौथी, खिशातल्या फ्रेंच नोटा. मायदेशातल्या नोटा पश्चिम आफ्रिकेत चालत नव्हत्या, त्या बदलून घ्याव्या लागत.

या चौथ्या बाबीकडे नीट पाहा, कारण चित्रपटातली ठिणगी तिथेच पडते. १९४४ मध्ये फ्रान्सचा फ्रँक आणि पश्चिम आफ्रिकेतला फ्रँक यांची किंमत सारखी होती. वेगळा सीएफए फ्रँक जन्माला आला तो २६ डिसेंबर १९४५ रोजी, म्हणजे गोळीबारानंतर वर्षभराने. तेव्हा १,००० फ्रँकांच्या बदल्यात १,००० मिळायला हवे होते. पडद्यावर टेबल मांडलं जातं, रांग लागते आणि दर सांगितला जातो अर्धा. वर संशय असा की, काळ्या शिपायाकडे एवढे पैसे आलेच कुठून, मेलेल्यांच्या खिशातून काढले असणार. युद्ध लढून, चार वर्षं कैद भोगून आलेल्या माणसाला त्याच्याच पैशाबद्दल चोर ठरवलं जातं. त्या रांगेतला एकेक चेहरा कॅमेरा सावकाश दाखवतो, घाई करत नाही.

२८ नोव्हेंबरला पाचशे जणांना बामाकोकडे (आजच्या मालीची राजधानी) निघण्याचा हुकूम झाला. हातात पैसे पडल्याशिवाय निघणार नाही, असं ते म्हणाले. या नकाराला मागचं कारण होतं. एकदा आपापल्या गावी पांगल्यावर हिशोब मागायला डाकारला परत कोण येणार? माली किंवा अपर व्होल्टाच्या (आजचं बुर्किना फासो) आतल्या भागातल्या माणसासाठी ती कित्येक दिवसांची वाट. एकत्र आहोत तोवरच वसुली होईल, एवढं त्यांना उमगलं होतं. फ्रेंच सैन्याचे जनरल दान्याँ छावणीत आले, त्यांची मोटार अडवली गेली, त्यांनी आश्वासन दिलं, वाट मोकळी झाली. परत गेल्यावर त्यांनी या सगळ्याला बंड ठरवलं आणि बळाचा वापर करायचं ठरलं.

पुढचं प्रतिसादांतून बोलू.

प्रतिसाद १ : खारपट्टा

उत्तम मांडणी. दोन प्रश्न. जर्मनांचे कैदी होते तर जर्मनीत का नव्हते? आणि चित्रपटात सगळ्यांच्या अंगावर अमेरिकी गणवेश कसा?

प्रतिसाद २ : दस्तऐवज

खारपट्टा, दोन्हींची उत्तरं चित्रपटात येऊन जातात, पण ओझरती.

काळे कैदी जर्मन भूमीवर नकोत, हे नाझींचं वंशाचं धोरण होतं. त्यात उष्ण प्रदेशातले रोग येतील ही भीती. म्हणून वसाहतींतल्या कैद्यांना व्याप्त फ्रान्समध्येच 'फ्रोंतस्तालाग' नावाच्या छावण्यांत ठेवलं. शेतं, जंगलतोड, रस्ते, तटबंदी अशी कामं करून घेतली. १९४३ पासून यातल्या बऱ्याच ठिकाणी जर्मन पहारेकऱ्यांची माणसं कमी पडू लागली आणि त्यांच्या जागी फ्रेंच अधिकारी पहाऱ्याला उभे राहिले. ज्या सैन्यासाठी लढलो त्याच सैन्याचे अधिकारी शत्रूच्या वतीने आपल्यावर बंदूक रोखून उभे आहेत, हे या माणसांनी वर्षभर पाहिलं होतं. थियारोयमध्ये अधिकाऱ्यांच्या शब्दाला कागदाशिवाय किंमत द्यायला ते तयार नव्हते, त्याचं मूळ इथे आहे. जून १९४० मध्ये शरण आलेल्या तिरायरांना जर्मनांनी ठिकठिकाणी वेगळं काढून मारलं होतं. ल्योंजवळच्या शासले इथे त्यांचं स्वतंत्र दफनस्थान आहे, १८८ थडग्यांचं.

गणवेशाचं असं की, १९४४ मध्ये फ्रेंच सैन्याला कपड्यांपासून वाहनांपर्यंत सगळा पुरवठा अमेरिकेकडून होत होता. सुटलेल्या कैद्यांना मिळाले तेही तेच कपडे. चित्रपटात छावणीत आल्यावर ते काढून घेतात आणि बदल्यात वसाहतीतला जुना वेश देतात: लाल टोपी आणि अर्धी खाकी विजार. हा प्रसंग दिग्दर्शकाने पैशाच्या प्रसंगाआधी ठेवलाय आणि तो क्रम मला फार विचारपूर्वक केलेला वाटतो. आधी कपडे उतरवून माणसाची पायरी ठरवायची, मग त्या पायरीच्या हिशोबाने पैसे द्यायचे.

याला आणखी एक पार्श्वभूमी आहे. १९४४ च्या शरद ऋतूत द गोलच्या सैन्यातल्या आफ्रिकी तुकड्या मागे घेऊन त्यांच्या जागी फ्रेंच प्रतिकार चळवळीतली गोरी मुलं भरली गेली. दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्सला उतरून तुलों, मार्सेय मुक्त करणाऱ्या शिपायांचे ओव्हरकोट, रायफली, शिरस्त्राणं आघाडीवरच काढून दुसऱ्यांना दिली. म्हणजे कपडे काढून घेणं फ्रान्समध्येही चालू होतं.

प्रतिसाद ३ : रानजाई

चित्रपट म्हणून थोडं लिहिते, कारण फक्त इतिहासाचा दस्त म्हणून पाहिला तर त्यातली रचना हातून निसटते.

मध्यभागी दोन माणसं आहेत. सार्जंट-मेजर दियाता (इब्राहिमा साने) शिकलेला आहे. उत्तम फ्रेंच बोलतो, इंग्रजी बोलतो, पुस्तकं वाचतो, ग्रामोफोनवर युरोपीय अभिजात संगीत आणि जॅझ ऐकतो. पॅरिसला त्याची फ्रेंच बायको आणि मुलगी आहे. फ्रेंच संस्कृतीने जे जे मागितलं ते सगळं त्याने दिलंय. आणि दुसरा पेई (सिदिकी बाकाबा). बुखेनवाल्ड या जर्मनीतल्या नाझी छळछावणीतून आलेला, वाचा गेलेला, डोक्यावरचं जर्मन शिरस्त्राण न उतरवणारा. बोलण्याचा सगळा भार एकावर, पाहण्याचा सगळा भार दुसऱ्यावर.

छावणीत पाऊल टाकताच पेई काटेरी तारेजवळ जातो. तार, पहाऱ्याचे मनोरे, बराकींची रांग, हे सगळं त्याच्या ओळखीचं आहे. कॉर्पोरल दियारा त्याच्या हातात माती देतो, ही आपली आफ्रिका आहे, आता भ्यायचं कारण नाही असं समजावतो. बाकीचे त्याला भ्रमिष्ट समजतात. पटकथेचा सांगाडा या एका गैरसमजावर उभा आहे. शेवटच्या रात्री पहाऱ्यावर तोच असतो, रणगाडे येताना त्यालाच दिसतात, तो धावत येऊन सगळ्यांना उठवतो आणि कुणीही विश्वास ठेवत नाही. याला पुन्हा जर्मन दिसायला लागले म्हणून त्याला झोपवतात.

दियाताचं काय होतं? अमेरिकी गणवेशात तो डाकारमधल्या गोऱ्यांच्या मद्यालयात जातो. मालकिणीला तो अमेरिकी वाटतो तोवर आदर असतो. आफ्रिकी आहे कळताच हाकललं जातं. मग अमेरिकी लष्करी पोलीस त्याला मारहाण करून घेऊन जातात. इकडे छावणीतले साथीदार एका गोऱ्या अमेरिकी सैनिकाला पकडून ठेवतात आणि अदलाबदल करून आपला माणूस सोडवतात. माणसाच्या बदल्यात माणूस, एकास एक. काही वेळाने नोटांच्या टेबलावर हजाराला पाचशे. या दोन अदलाबदली शेजारी ठेवल्यात हे दुसऱ्यांदा पाहताना लक्षात येतं.

एफोकचा उल्लेखही सोडू नका. दियाताचे नातेवाईक भेटायला येतात तेव्हा त्याला कळतं की तो युरोपात लढत असताना त्याच्या एफोक गावावर फ्रेंच सैन्याने हल्ला केला आणि त्यात त्याचे आईवडील गेले. दक्षिण सेनेगलमधल्या कासामान्स भागात दियोला समाजाच्या गावांकडून युद्धासाठी सक्तीने तांदूळ वसूल केला जात होता. सेम्बेनने १९७१ च्या 'एमिताई'त हाच विषय घेतला होता. दोन्ही चित्रपट पाठोपाठ पाहिले तर दियाताचं त्या बातमीनंतरचं गप्प राहणं जास्त कळतं.

संगीत इस्माएल लोचं आहे. माउथ ऑर्गनची ती धून पूर्ण चित्रपटभर अधूनमधून येते, कुठेही रडवायला वापरलेली नाही.

प्रतिसाद ४ : वाळूघड्याळ

छान धागा. पण चित्रपट आणि कागदपत्रं यांतले फरक स्पष्ट लिहायला हवेत, नाहीतर पडद्यावरचं सगळं जसंच्या तसं घडलं असं लोक धरून चालतात.

१. वेळ. चित्रपटात हल्ला रात्री, सगळे झोपेत असताना. प्रत्यक्षात १ डिसेंबरला पहाटेपासून छावणी घेरली गेली, माणसांना मोकळ्या पटांगणात जमवलं आणि गोळीबार झाला तो सकाळी साडेनऊच्या सुमारास. दिवसाउजेडी, समोरासमोर.

२. फौजफाटा. लष्करी अहवालांत एक अमेरिकी बनावटीचा रणगाडा, दोन अर्धपट्टावाहनं (पुढे चाकं, मागे पट्टे असलेल्या गाड्या), तीन चिलखती गाड्या, दोन पायदळ बटालियन अशी नोंद आहे. त्यात आफ्रिकी शिपायांच्या तुकड्याही होत्या. चित्रपटात रणगाड्यांचं यंत्रपण पुढे येतं आणि ही बाजू मागे पडते.

३. ओलीस. चित्रपटात सैनिक जनरलला धरून रात्रभर अडकवतात, तो अधिकाऱ्याच्या शब्दाची शपथ घेतो, मग सोडतात आणि विजयाचा उत्सव करतात. प्रत्यक्षात गाडी अडवली गेली, बोलणी झाली, ते परत गेले.

४. पेई. थियारोयचे सैनिक फ्रान्समधल्या छावण्यांतून आले होते, बुखेनवाल्डहून नाही. हे पात्र रचलेलं आहे.

यातल्या तिसऱ्या मुद्द्यावर माझा आक्षेप आहे. सैन्याने तेव्हा बचाव काय केला? हे सशस्त्र बंड होतं, जनरलच्या जिवाला धोका होता. सेम्बेनने ओलीस ठेवण्याचा प्रसंग दाखवून नकळत त्याच बचावाला दृश्यरूप दिलं.

प्रतिसाद ५ : रानजाई

वाळूघड्याळ, पहिले दोन मुद्दे मान्य. तिसरा पटत नाही.

ओलीस प्रसंगात जनरलच्या केसालाही धक्का लागत नाही. त्याला नेहमीच्या बराकीत बसवतात, समोर मागणी ठेवतात, आणि शब्द मिळताच सलाम ठोकून सोडतात. ज्यांच्याकडे त्या क्षणी सगळी ताकद आहे ते शब्दावर विश्वास ठेवतात, आणि ज्याने शब्द दिला तो बाहेर पडताच रणगाडे मागवतो. बंडाचा आरोप खरा धरला तरी शिस्त कुणी पाळली आणि कुणी मोडली हे त्या प्रसंगातून दिसतं. गाडी दहा मिनिटं अडवली एवढंच दाखवलं असतं तर हे उभं राहिलं नसतं.

पेईबद्दल म्हणाल, तर पात्र रचलेलं आहे हे बरोबर. पण नाझी छावणी आणि वसाहतीतली छावणी यांची तुलना दिग्दर्शकाला तोंडाने करायची नव्हती, एका मुक्या माणसाच्या नजरेतून करायची होती. त्यासाठी बुखेनवाल्ड हवंच होतं.

प्रतिसाद ६ : वाळूघड्याळ

रानजाई, चित्रपट म्हणून तुमचं म्हणणं बरोबर आहे. माझी काळजी वेगळी आहे. मार्च १९४५ मध्ये डाकारच्या लष्करी न्यायालयाने ३४ जणांना एक ते दहा वर्षांच्या शिक्षा सुनावल्या. त्यांच्या बाजूने लामिन गेये वकील म्हणून उभे राहिले. जून १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष व्हॅन्सां ओरिओल यांनी क्षमा दिली. पण क्षमेने निकाल पुसला जात नाही. बंडखोर म्हणून झालेली नोंद कायमच राहिली, आणि फेरविचारासाठी केलेले अर्ज पुढे फेटाळले गेले. ज्यांची नावं अजून त्या निकालात आहेत त्यांच्याबद्दल बोलताना 'ओलीस' शब्द जपून वापरला पाहिजे, एवढंच. चित्रपट दाखवताना प्रास्ताविकात एक वाक्य सांगितलं तरी पुरे.

प्रतिसाद ७ : खारपट्टा

मृतांचा आकडा नेमका किती? कुठे ३५, कुठे ७०, कुठे तीनशेच्या वर. एवढा फरक कसा पडतो?

प्रतिसाद ८ : दस्तऐवज

हे टप्प्याटप्प्याने सांगतो, कारण फरक कुठे पडतो ते जहाजाच्या नोंदीपासून पाहावं लागतं.

पहिला टप्पा, त्याच सुमाराचे लष्करी अहवाल. एकात ३५ मृत. जनरल दान्याँ यांच्याच दुसऱ्या अहवालात २४ जागीच ठार आणि ४६ रुग्णालयात मृत, म्हणजे ७०. एकाच अधिकाऱ्याच्या सहीचे दोन कागद आणि त्यांत दुपटीचा फरक. फ्रान्सचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ओलांद यांनी ३० नोव्हेंबर २०१४ रोजी थियारोयच्या दफनभूमीत केलेल्या भाषणात किमान ७० चा उल्लेख केला आणि कागदपत्रांच्या प्रती सेनेगलच्या अध्यक्षांकडे दिल्या.

दुसरा टप्पा, माणसांची बेरीज-वजाबाकी. आर्मेल माबों या फ्रेंच इतिहासकार बाईंनी मुख्यतः यावर काम केलंय. मोर्लेला किती जण चढले, कासाब्लांकाला किती उतरले, डाकारला किती पोचले, असे तीन आकडे जुळायला हवेत. सरकारी बाजू म्हणते, सुमारे ४०० जण कासाब्लांकालाच राहिले, म्हणून डाकारला १,३००. माबों यांचं म्हणणं असं की ते चारशे जण कासाब्लांकाला उतरल्याचा दावाच रचलेला आहे. डाकारला पोचलेले १,६०० ते १,७०० होते आणि मृतांची संख्या झाकण्यासाठी सुरुवातीचा आकडाच खाली आणला गेला. मार्तां मूर यांच्यासारखे दुसरे अभ्यासक याच कागदांचं वाचन वेगळं करतात. वाद खरा आहे आणि तो कासाब्लांकाच्या एका ओळीवर अडलेला आहे.

मोर्लेलाच सुमारे ३०० जणांनी पैसे मिळेपर्यंत चढायला नकार दिला होता. त्यांना त्रेवे नावाच्या गावी नेलं. ११ नोव्हेंबर १९४४ रोजी, पहिल्या युद्धाच्या विरामदिनी, तिथे सशस्त्र पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि काही जखमी झाले. थियारोय अचानक घडलं असं म्हणणाऱ्याने आधी त्रेवे पाहावं.

तिसरा टप्पा, पैशाचं परिपत्रक. ४ डिसेंबर १९४४ ची तारीख असलेल्या एका परिपत्रकात म्हटलंय की या माणसांना जहाजावर चढण्याआधीच सगळी रक्कम मिळाली होती. गोळीबारानंतर तीन दिवसांनी काढलेला हा कागद २१ ऑक्टोबरच्या पाव-पाऊण हिश्शाच्या कागदाशी सरळ विसंगत आहे. सगळे पैसे आधीच दिले होते असं एकदा मान्य केलं की मागणी बेकायदा ठरते आणि मागणी करणारा बंडखोर ठरतो. कुणाला खरंच अभ्यास करायचा असेल तर हे दोन कागद समोरासमोर ठेवून सुरुवात करावी.

चौथा टप्पा, जमीन. थियारोयच्या लष्करी दफनभूमीत २०२ पांढरी थडगी आहेत, एकावरही नाव नाही. कुठल्या थडग्यात कोण, किंवा कोणी आहे का, हे कोणी सांगू शकत नव्हतं. सेनेगल सरकारने इतिहासकार मामादू दियुफ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि २०२५ मध्ये तिथे पुरातत्त्वीय उत्खनन सुरू झालं. सांगाडे निघाले, काहींत गोळ्या सापडल्या.

प्रतिसाद ९ : सांजपावली

जुलै २०२४ मध्ये फ्रान्सने सहा जणांना 'फ्रान्ससाठी मृत्यू' असा अधिकृत दर्जा दिला: चार सेनेगलचे, एक आयव्हरी कोस्टचा, एक आजच्या बुर्किना फासोचा. आणि २८ नोव्हेंबर २०२४ च्या पत्रात फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मॅक्राँ यांनी सेनेगलचे अध्यक्ष बासिरू दियोमाय फाय यांना लिहिताना 'हत्याकांड' हा शब्द वापरला. ऐंशीव्या स्मरणदिनाच्या तीन दिवस आधी. सेनेगलमध्ये सहा जणांच्या घोषणेवर राग उमटला. किती जण आणि कोण, हे फ्रान्सने एकट्याने का ठरवावं, असा तो प्रश्न होता.

तिकडच्या लेखकांनी मात्र हे कधीच सोडलं नाही. कवी आणि पुढे सेनेगलचे पहिले अध्यक्ष झालेले सेंगोर स्वतः जर्मनांच्या कैदेत राहून आले होते. 'त्यारोय' ही त्यांची कविता डिसेंबर १९४४ ची आहे, घटनेच्या अगदी लगतची.

प्रतिसाद १० : कातळशिल्प

निवृत्तिवेतनाचा भाग इथे जोडतो, कारण चित्रपटातल्या अर्ध्या दराचं धोरण पुढे पन्नास वर्षं वेगळ्या रूपात चाललं.

२६ डिसेंबर १९५९ च्या फ्रेंच वित्त कायद्याच्या कलम ७१ ने स्वतंत्र झालेल्या वसाहतींतल्या माजी सैनिकांची निवृत्तिवेतनं गोठवली. म्हणजे रक्कम त्या वेळी होती तिथेच अडकली. फ्रेंच नागरिकाचं वेतन महागाईप्रमाणे वाढत गेलं, त्याच खंदकात जखमी झालेल्या सेनेगली किंवा अल्जीरियनचं नाही. दरवर्षी तफावत वाढत गेली आणि ती वाढ कुणी वेगळी ठरवावी लागली नाही.

३० नोव्हेंबर २००१ रोजी फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने दिओप खटल्यात हा भेदभाव ठरवला. सरकारने मग राहत्या देशातल्या खर्चाप्रमाणे रक्कम ठरवण्याची पळवाट काढली. २००६ मध्ये उत्तर आफ्रिकी सैनिकांवरचा 'अँदिजेन' हा चित्रपट प्रदर्शित झाला आणि त्याच दिवसांत राष्ट्राध्यक्ष शिराक यांच्या सरकारने लढाईशी संबंधित वेतनं समान करण्याची घोषणा केली, अंमल जानेवारी २००७ पासून. त्यातही बाकीची वेतनं राहिलीच. २८ मे २०१० रोजी घटनापरिषदेने उरलेला भेदही घटनाबाह्य ठरवला. तोवर बहुतेक लाभार्थी हयात नव्हते.

चित्रपटांमुळे धोरण बदललं असं पुष्कळदा म्हटलं जातं. तारखा पाहिल्या तर न्यायालयातली लढाई पाच वर्षं आधीची आहे, चित्रपटाने तिला सार्वजनिक रेटा दिला. दोन्हींचं श्रेय वेगवेगळं ठेवावं.

प्रतिसाद ११ : धक्क्यावरचा

मुंबईशी असलेला एक धागा सांगतो. डिसेंबर १९३९ मध्ये मुंबई बंदरातून 'के-६' नावाचं भारतीय खेचर-वाहतूक दल मार्सेयला गेलं. १९४० मध्ये त्यातली एक कंपनी पकडली गेली. वसाहतींचे कैदी म्हणून भारतीय कैद्यांनाही फ्रान्समधल्या अशाच छावण्यांत ठेवलं गेलं. एपिनालच्या छावणीवर ११ मे १९४४ रोजी अमेरिकी बॉम्ब पडले, भिंती कोसळल्या आणि शेकडो भारतीय कैदी चालत स्वित्झर्लंडला पोचले. म्हणजे फ्रोंतस्तालाग हा शब्द आपल्या लष्करी इतिहासातही आहे.

आणि फेब्रुवारी १९४६ चा नौदलाचा उठाव 'तलवार'वरच्या निकृष्ट जेवणापासून सुरू झाला, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. चित्रपटातल्या थियारोयमध्येही पहिली तक्रार जेवणाचीच होते. मांस का नाही, तर काळ्या सैनिकासाठी तेवढी तरतूद नाही.

प्रतिसाद १२ : तिसरीघंटा

आमच्या चित्रपट मंडळात हा दाखवायचा विचार आहे. लांबी, मध्यंतर, प्रास्ताविक, सोबत काय दाखवावं, याबद्दल जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १३ : रानजाई

तिसरीघंटा, लांबी अडीच तासांहून थोडी जास्त आहे, त्यामुळे मध्यंतर हवंच. ते पडद्यावरच्या घड्याळाने घेऊ नका. दियाताची सुटका होऊन तो छावणीत परत येतो तिथे थांबा. नोटा बदलण्याचा प्रसंग, नकार, जनरल, उत्सव आणि हल्ला हे सलग राहिलं पाहिजे. मध्येच तोडलं तर अर्ध्या दराचा राग चहाच्या कपाबरोबर उतरतो.

प्रत २०२४ ची दुरुस्त केलेलीच घ्या. बोलोन्याच्या चित्रसंग्रहालयाने आणि द फिल्म फाउंडेशनने केलेली. जुन्या व्हिडिओ प्रतींत शेवटची रात्र नुसती काळी दिसते. रणगाडे कुठून येतात, बराकी कुठे आहेत, पेई कुठून धावतो, काही कळत नाही. नव्या प्रतीतही तो भाग अंधारलेलाच आहे, म्हणून खोलीत पूर्ण काळोख हवा. खिडक्यांना नुसते पडदे असतील तर दुपारचा खेळ ठेवू नका, सूर्यास्तानंतर ठेवा. आधी शेवटची वीस मिनिटं लावून मागच्या रांगेत बसून तपासा.

उपशीर्षकांत एक गोष्ट हरवते. शिपाई आपसात सैन्यात शिकवलेली मोडकी फ्रेंच बोलतात, कारण एक बांबारा, एक वोलोफ, एक मोस्सी, त्यांना दुसरी सामाईक भाषा नाही. दियाता मात्र अधिकाऱ्यांपेक्षा शुद्ध फ्रेंच बोलतो. उपशीर्षकांत दोघांचं बोलणं सारखंच दिसतं. हे आधी सांगितलंत तर प्रेक्षक कान देऊन ऐकतात.

प्रतिसाद १४ : दस्तऐवज

प्रास्ताविक दहा मिनिटांचं ठेवा. एक नकाशा लावा: मोर्ले, कासाब्लांका, डाकार, बामाको. त्यावर तीन तारखा, ५ नोव्हेंबर, २१ नोव्हेंबर, १ डिसेंबर. मग पाव आणि पाऊण हिश्शाची गोष्ट आणि फ्रँकांची समान किंमत, एवढंच. मृतांचे आकडे आधी सांगू नका, ते चर्चेसाठी राखा. वाळूघड्याळ यांनी सुचवलेलं वाक्यही घाला: चित्रपटातलं ओलीसनाट्य पटकथेचं आहे.

सोबत दुसरा चित्रपट हवा असेल तर आदल्या आठवड्यात 'एमिताई'. एकाच दिवशी दोन्ही नकोत, दोघांचाही वेग संथ आहे.

चर्चेला हा मुद्दा घ्या: सेनेगल, अल्जीरिया आणि ट्युनिशिया या तीन देशांच्या पैशांवर हा चित्रपट झाला, युरोपीय निधी न घेता. फ्रान्सच्या पैशांवर उभ्या राहणाऱ्या त्या काळच्या आफ्रिकी चित्रनिर्मितीत हे वेगळं होतं, आणि पटकथेत काय ठेवता आलं याचा त्याच्याशी थेट संबंध आहे.

प्रतिसाद १५ : वाळूघड्याळ

आणि शेवटची नामावली सुरू झाली म्हणून लगेच दिवे लावू नका. हल्ल्यानंतरही चित्रपट पुढे आहे. नवी भरती युरोपला जायला जहाजावर चढते ते दृश्य पूर्ण होऊ द्या. बऱ्याच खेळांना लोक दफनाच्या दृश्यावरच उठायला लागतात, म्हणून दारापाशी उभ्या राहणाऱ्या स्वयंसेवकाला हे आधीच सांगून ठेवा.